स्लो गाडीचा युरोप

जर्मनीत शिकायला गेलेल्या मुलीने युरोप ‘करून’ यायचा असतो, हे आमच्या नातेवाइकांत ठरलेलं आहे. युरोपात काय काय येतं तेही ठरलेलं आहे: आयफेल टॉवर, स्वित्झर्लंडचा बर्फ आणि पिसाचा मनोरा ढकलतानाचा फोटो. माझ्या डोंबिवलीच्या मावशीने हे तिन्ही एका टूरमध्ये उरकले आहेत, तेही रोज रात्री गरम वरणभात खाऊन. मी हाम्बुर्गहून परत आले तेव्हा तिने हौसेने फोटो मागितले. मी तिला श्वेरिनचा तळ्यातला राजवाडा दाखवला, केलचा पूल दाखवला, हाम्बुर्गमधलं छप्पर नसलेलं चर्च दाखवलं. फोनवर बोट सरकवत ती शेवटी म्हणाली, “अगं, पण यात युरोप कुठंय?”

प्रश्न रास्त आहे. मी कुठे जायचं हे आवडीनिवडीवरून ठरतच नव्हतं. ते ठरत होतं हिशेबावरून. जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा मिळण्यासाठी वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधीच एका खात्यात अडकवून ठेवावी लागते. मी २०२३ मध्ये गेले तेव्हा ती ११,२०८ युरो होती, पुढच्या वर्षी सप्टेंबरात ती ११,९०४ झाली. पैसे आपलेच, बाबांनी एफडी मोडून भरलेले, पण हातात येतात ते महिन्याला बारावा हिस्सा, म्हणजे ९३४ युरो. त्यातून खोलीचं भाडं, आरोग्य विमा आणि किराणा गेला की जे उरतं त्याला गोरेगावच्या भाषेत चिल्लर म्हणतात. अर्धवेळ नोकरी लागेपर्यंत मी युरोप फक्त नकाशावर पाहत होते.

माझी गाडी रुळावर आणली ती डॉइचलांडटिकेटने. मे २०२३ मध्ये सुरू झालेला हा मासिक पास तेव्हा ४९ युरोंचा होता. २०२५ मध्ये तो ५८ झाला आणि २०२६ च्या जानेवारीत ६३. बऱ्याच विद्यापीठांत २०२४ पासून विद्यार्थ्यांना तोच पास सेमिस्टरच्या शुल्कातून महिना २९.४० युरोंत मिळू लागला. या एका पासावर देशभरातल्या सगळ्या शहरांच्या मेट्रो, ट्राम, बस आणि सगळ्या रीजनल गाड्या चालतात. चालत नाहीत त्या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या. म्हणजे फास्टचा पास नाही, स्लोचा आहे, पण तो बोरीवलीला संपत नाही. उत्तरेत डेन्मार्कच्या हद्दीपासून दक्षिणेत आल्प्सपर्यंत जा, थेट ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग स्टेशनात उतरा, कुणी एक सेंट जास्त मागत नाही.

मागतात ते तास. हाम्बुर्गहून बर्लिनला वेगवान गाडी दोन तासांच्या आत पोचते, रीजनलने त्याच्या दुप्पट वेळ जातो आणि मध्ये श्वेरिनला गाडी बदलावी लागते. पहिल्यांदा गेले तेव्हा पुढच्या गाडीला बराच अवकाश होता म्हणून स्टेशनाबाहेर पडले, तर वीसेक मिनिटांवर तळ्यातल्या बेटावर सोनेरी घुमटाचा राजवाडा. आत कोण राहतं म्हणून पाहिलं तर कुणी नाही. मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न राज्याची विधानसभा तिथे भरते. सुरक्षेचा बडेजाव म्हणावा असा काही नव्हता. बागेत शाळेतली पोरं सँडविच खात बसली होती. जुलै २०२४ मध्ये युनेस्कोने हा सगळा परिसर जागतिक वारशात घेतला. तोवर माझ्यासाठी ते गाडी बदलायचं ठिकाण होतं. पुढच्या गाडीवर पाणी सोडलं आणि बेटाला पूर्ण फेरी मारली. वेगवान गाडीच्या तिकिटाने हे झालं नसतं, कारण ती गाडी श्वेरिनला जातच नाही.

मुंबईत लोकलने वाढलेल्या माणसाला या गाड्यांत दोन गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात. एक म्हणजे दार आपणहून उघडत नाही, बटण दाबावं लागतं. न दाबता उभं राहिलं तर गाडी तुम्हाला घेऊन निघून जाते आणि डब्यातलं कुणी त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. दुसरी जास्त धोक्याची: काही गाड्या मधल्या एखाद्या स्टेशनात दोन तुकड्यांत विभागतात, पुढचे डबे एकीकडे आणि मागचे दुसरीकडे. घोषणा होते, पण छोट्या मार्गांवर बहुतेकदा फक्त जर्मनमध्ये. काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात शनिवार-रविवार घासलेलं जर्मन मला विद्यापीठात फारसं लागलं नाही, शिक्षण इंग्रजीतच होतं. ते लागलं इथे. समोरच्या सीटवरचे कोरियन विद्यार्थी खिडकीबाहेर डोंगर बघत निवांत बसले होते, त्यांना मी घाईघाईने सामानासकट पुढच्या डब्यांत पळवलं.

आता त्या छप्पर नसलेल्या चर्चबद्दल. मॅक्स म्युलरचा क्लास सुटला की मी ओव्हल ओलांडून चर्चगेटला जायचे, राजाबाई टॉवर पाठीशी ठेवून. त्याच्याकडे मान वर करून कधी पाहिलं असेल तर घड्याळासाठी, गोरेगाव स्लो मिळेल की नाही ते ठरवायला. हाम्बुर्गमध्ये सेंट निकोलाय नावाच्या चर्चचा फक्त मनोरा आणि थोड्या भिंती उरल्या आहेत. जुलै १९४३ च्या बॉम्बहल्ल्यांत शहरातली तीस हजारांहून अधिक माणसं मेली, चर्चचं छप्पर कोसळलं, उंच मनोरा मात्र टिकला. तो मुद्दाम तसाच काळाठिक्कर ठेवला आहे, स्मारक म्हणून. काचेच्या लिफ्टने वर जाता येतं, तळघरात संग्रहालय आहे. तिथे वास्तुरचनाकाराचं नाव वाचलं, जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट, आणि थबकले. हे नाव मी पाहिलं होतं, मुंबई विद्यापीठाच्या फोर्टच्या आवारात. राजाबाई टॉवर आणि शेजारचं दीक्षान्त सभागृह त्याच्याच आराखड्यांवरून उभं राहिलं. राजाबाई पुरा झाला १८७८ मध्ये, त्याला पैसे दिले प्रेमचंद रायचंद यांनी, आईच्या नावाने. निकोलायचा मनोरा त्याआधी चार वर्षं पुरा झाला होता, १४७ मीटर, आणि १८७४ ते १८७६ ही दोन वर्षं तो जगातली सर्वांत उंच इमारत होता. स्कॉट मुंबईला कधी आलाच नाही. आराखडे बोटीने आले.

वरून बंदर दिसतं. क्रेन, कंटेनर, जहाजं, करड्या रंगाची एल्ब नदी आणि बहुतेक वेळा पाऊस. माझा विषय लॉजिस्टिक्स, त्यामुळे इतरांना जे भकास वाटतं ते मला वाचता येत होतं. हाम्बुर्ग समुद्रावर नाही, समुद्रापासून शंभर-एक किलोमीटर आत नदीवर आहे, तरी जर्मनीतलं सर्वांत मोठं बंदर तेच. प्राहाच्या, म्हणजे प्रागच्या, व्ल्टावा नदीचं पाणी एल्बला मिळून इथवर येतं, म्हणून पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहात समुद्र नसलेल्या चेकोस्लोव्हाकियाला या बंदरातला एक तुकडा ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर मिळाला. तो पट्टा २०२८ ला संपतो. मी नंतर प्राहाला गेले तेव्हा, लोक कौतुकाने चार्ल्स पुलावरचे पुतळे बघत होते आणि मी खालच्या पाण्याकडे बघत होते. हेच पाणी काही दिवसांनी हाम्बुर्गच्या आपल्या फेरीबोट क्रमांक ६२ खालून जाणार. ही फेरी शहराच्या पासावर चालते. घरची आठवण आली की मी बासष्टच्या वरच्या डेकवर जाऊन बसायचे. आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी आणि तिथला काळा पाव एकत्र खाऊन बघा, चांगलं लागतं.

चर्चचं प्रकरण तिथे थांबलं नाही. निकोलायच्या आधी सर्वांत उंच कोण होतं म्हणून शोधलं, तर स्ट्रासबर्गचं कॅथेड्रल, १४२ मीटर, १६४७ पासून १८७४ पर्यंत. स्ट्रासबर्ग फ्रान्समध्ये, पण ऱ्हाइनच्या अलीकडे जर्मनीतलं केल, आणि केलपर्यंत माझा पास चालतो! दिवस उजाडायच्या आत निघून, गाड्या बदलत, दिवेलागणीला केलला पोचले. तिथून स्ट्रासबर्गची ट्राम मिळते; ट्रामचा मार्ग २०१७ मध्ये नदीपार वाढवला. मी मात्र पायी जायचं ठरवलं. पादचारी पूल आहे, मध्यावर नदीवर झुकलेली ऐसपैस जागा, तिथे दोन्ही देशांची माणसं संध्याकाळची टेकायला येतात. मी सीमा शोधत होते. रेघ, पाटी, निदान फरशीचा बदललेला रंग. एक बाई किराण्याच्या पिशव्या घेऊन फ्रान्समधून जर्मनीत आली आणि एक मुलगा सायकलवर उलटा गेला. काही वस्तू जर्मनीत स्वस्त पडतात, काही फ्रान्समध्ये, एवढाच सीमेचा उपयोग. हे शहर १८७१ मध्ये जर्मनीचं झालं, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सचं, १९४० मध्ये पुन्हा जर्मनीचं आणि १९४४ मध्ये पुन्हा फ्रान्सचं. तिथेच जन्मून तिथेच म्हातारी झालेल्या बाईला घर न बदलता चारदा देश बदलावा लागला असेल. बेळगावबद्दल घरात अजून आवाज चढतात, त्या घरातून आलेल्या मला या विचाराने त्या पुलावर फार वेळ बसवलं. कॅथेड्रल गुलाबी दगडाचं आहे, मनोरा एकच, दुसरा बांधलाच नाही. ते सकाळी पाहिलं.

पण सीमा नाहीत असं लिहिलं तर ती थाप होईल. जर्मनीच्या रहिवासी कार्डावर शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, कोणत्याही १८० दिवसांतले ९० दिवस फिरता येतं, वेगळा व्हिसा लागत नाही. कायदा एवढाच आहे, पण कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही जवळ हवेत, मोबाइलमधला फोटो चालत नाही. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्याच जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली. रात्रीच्या बसने परत येताना एका सीमेवर गाडी बाजूला घेतली, दिवे लागले, दोन पोलीस आत आले. पहिल्या रांगेतल्या सोनेरी केसांच्या जोडप्याला त्यांनी मान हलवून सोडलं. माझं कार्ड घेतलं, उलटंसुलटं पाहिलं, बॅटरीचा झोत माझ्या तोंडावर आणि परत कार्डावर. माझ्या मागच्या सीरियन मुलाला खाली उतरवलं. पंधरा-वीस मिनिटांनी तो परत आला, जागेवर बसला आणि हेडफोन लावले. कुणीच काही बोललं नाही, मीही नाही. अशा बसमध्ये कोण झोपतं आणि कोण पासपोर्ट मांडीवर ठेवून जागं असतं, हे दोन-तीनदा प्रवास केला की न विचारता कळतं.

याच कार्डाने पॅरिसमध्ये वट मिळाला. युरोपीय संघातल्या देशात राहणाऱ्या २६ वर्षांखालच्यांना लूव्र आणि ओर्से ही संग्रहालयं फुकट आहेत, नागरिक नसलात तरी. शून्य युरोचं तिकीट वेळ ठरवून काढायचं आणि दारात कार्ड दाखवायचं. बाकी पॅरिसबद्दल मी नवं काय सांगणार? आयफेलच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत जिन्याने गेले, ६७४ पायऱ्या, लिफ्टपेक्षा स्वस्त. लंडन मात्र राहिलंच. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, वेगळा व्हिसा, वेगळी फी. सेंट पँक्रस स्टेशनवरचं स्कॉटचं हॉटेल, ज्याचं आपल्या व्हीटीशी नातं सांगतात, ते अजून फोटोतच आहे.

कोपनहेगनची बस हाम्बुर्गहून निघते आणि पुटगार्डनला थेट बोटीच्या पोटात शिरते. सगळ्यांनी बसमधून उतरून वर जायचं, पाऊण तास समुद्र, मग डेन्मार्क. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो पाहिलेल्यांना याचं अप्रूप वाटणार नाही. मला वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं: डिसेंबर २०१९ पर्यंत इथे अख्खी रेल्वेगाडी बोटीतल्या रुळांवर चढत असे. आता समुद्रतळात १८ किलोमीटरचा बोगदा बांधताहेत. कोपनहेगनची जलपरी फारच लहान आहे, त्यासाठी जाऊ नका.

आणि व्हिएन्ना. साल्झबुर्गपर्यंत पासावर, पुढे स्वस्त तिकीट. तिथल्या ऑपेरात उभ्याने बघण्याची जागा असते, साध्या जेवणाच्या पैशांत, आणि ती कुठे तर तळमजल्यावर मधोमध, महागड्या खुर्च्यांच्या बरोबर मागे. मी आत गेले तेव्हा तिथे माणसं कमी आणि कापडं जास्त होती. लोखंडी कठड्यांना मफलर, स्कार्फ बांधलेले, मालक बाहेर फिरायला गेलेले. एक पांढऱ्या केसांच्या बाई गाठ मारता मारता माझ्याकडे बघून म्हणाल्या की बांध तुझंही, मग जा खुशाल. मी ओढणी काढून बांधली. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या महाराष्ट्राला व्हिएन्नाने शिकवण्यासारखं यात काही नव्हतं, फरक एवढाच की इथे गाठीवरून भांडण झालं नाही. कठड्यावर छोटे पडदे असतात, त्यावर गाण्याचे शब्द इंग्रजीत येतात. पहिल्या अंकानंतर काही पर्यटक निघून गेले, त्या बाईंनी मला कोपराने पुढच्या रांगेत ढकललं. नायिका मरताना इतका वेळ गाते की शिवाजी मंदिरात कुणीतरी नक्की बोललं असतं. इथे शेजारचा सूटवाला गृहस्थ रडत होता. पाय दुखत होते, पण मी शेवटपर्यंत थांबले, टाळ्या वाजवताना ओढणी सोडायची विसरले आणि गर्दी ओसरल्यावर तीच बाई ती हातात घेऊन दारात उभी होती.

जाणाऱ्यांना माझ्याकडून सुटे सल्ले. हॉस्टेलात लॉकर असतो, कुलूप नसतं, ते इथूनच न्या. रविवारी दुकानं बंद, जर्मनीत तर कडकडीत, उघडी असतील तर मोठ्या स्टेशनांतली. पाणी नळाचं प्या. रिकामी प्लास्टिकची बाटली टाकू नका, यंत्रात घातली की २५ सेंट परत येतात. मोठ्या स्टेशनात स्वच्छतागृहाला साधारण एक युरो पडतो, म्हणजे चार बाटल्या. पास मोबाइलमध्ये असतो, त्यामुळे पॉवर बँक हीच खरी तिकीट. टीसी सौम्य बोलतात आणि दंड ६० युरोंचा करतात. मुलींनी पहाटेच्या पोचणाऱ्या बस घ्याव्यात, मध्यरात्री पोचणाऱ्या नकोत. शहर कितीही सुरक्षित असलं तरी बसथांबे बरेचदा गावाबाहेर असतात.

आता मी बॅलार्ड इस्टेटला नोकरी करते आणि ते कार्ड संपलं आहे. परत जायचं तर सगळ्यांसारखा शेंगेन व्हिसा: जून २०२४ पासून ९० युरो फी, ३०,००० युरोंचा विमा, बँकेचं स्टेटमेंट, हॉटेलांची आगाऊ बुकिंग. हाम्बुर्गच्या फेरीसाठी एवढं करणारी मी एकटी असेन, पण या वेळी आईबाबांनाही न्यायचं आहे. बाबा पश्चिम रेल्वेतून निवृत्त झालेत. त्यांनी जर्मन रेल्वेचं ॲप स्वतः उतरवून घेतलं आणि हाम्बुर्ग ते साल्झबुर्ग, फक्त रीजनल, असा मार्ग कागदावर आखून भिंतीवर लावला आहे. आईने तो नीट वाचला, गाड्या मोजल्या आणि म्हणाली, “एवढ्या वेळा जिने चढून-उतरून गाड्या बदलायच्या असतील तर तुम्ही दोघं जा, मी लोणावळ्याला जाते. डेक्कन क्वीनने.”